विषय: डिसेंबरात ठाण्याला येतोय, कॅम्परव्हॅन घेऊन फिरता येईल का?

नमस्कार मंडळी,

२० डिसेंबरपासून तीन आठवडे आम्ही ठाण्याला, मानपाड्याला आईकडे आहोत. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. इथे टेक्सासात दर थंडीत आम्ही आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन स्टेट पार्कात जातो. वीज-पाण्याची जोडणी तयार असते, निघताना मैल्याची टाकी ठरलेल्या जागी रिकामी केली की झालं. मुंबईच्या आसपास असं काही आहे का? व्हॅन भाड्याने मिळते असं कळलंय, रात्री ती लावायची कुठे एवढंच विचारायचंय. आई म्हणते, घर असताना गाडीत कशाला झोपायचं! पण मुलांना सह्याद्री असा जवळून दाखवायची फार इच्छा आहे.

---

उत्तर:

ताई, नमस्कार.

मी तिकडच्या आपल्या मराठी मंडळाचा जुना खजिनदार. परत येऊन ठाण्यातच स्थायिक झालो, पण मंडळाच्या यादीवरून नाव काढलेलं नाही. तुम्ही गाडी कुठे लावायची ते विचारलंत. माझ्या मते आधी विचारायला हवं की टाकी कुठे रिकामी करायची. बाकी सगळं त्यावर ठरतं.

राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कची, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागांची, कल्पना आहे. पण टेक्साससारखी गावोगावी टाकी ओतायची सोय असेल असं धरून निघू नका.

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण व्हॅन घेऊन शहापूरकडे गेलो होतो. देणाऱ्याने "सगळं आहे साहेब" असं सांगितलं होतं. दुसऱ्या रात्री संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागला. सकाळी ड्रायव्हरने गाडी ओढ्याच्या कडेला घेतली, खाली वाकून झडपेला हातही घातला. खालच्या अंगाला वीस-पंचवीस पावलांवर एक बाई दगडावर गोधडी आपटत होती, शेजारी तिची कळशी भरून ठेवलेली. मी ओरडलो तेव्हा तो थांबला. त्याचाही दोष नाही, त्याला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही ती टाकी, म्हणजे संडासाखालची मैल्याची पेटी, तशीच बंद करून घरी आणली आणि स्वतःच्या संडासात ओतली. कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. ते पाणी मुंबई पिते आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. "धरण उशाला, कोरड घशाला" हे तिथे रोजचं बोलणं आहे. म्हणून हातपंपावर पाइप लावून व्हॅनची टाकी भरू नका. ठाण्यातून भरून न्या, प्यायचे जार वेगळे घ्या.

मग करायचं काय? व्हॅन न्या, पण मुक्काम अशा ठिकाणी करा जिथे पक्का संडास आणि सेप्टिक टँक आहे, म्हणजे कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीचं शेतघर. गाडीतला संडास फक्त रात्री मुलांसाठी ठेवा. मालकाला आधी स्पष्ट विचारा, पेटी तुमच्या टाकीत ओतली तर चालेल का. आणि पेटीत फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध घालू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, मग त्या माणसाला महिनाभर वास सोसावा लागतो.

विजेचंही विचारून ठेवा. इथे २३० व्होल्ट. गाडीचा एसी पंधरा अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटवर चालतो, पण अर्थिंग नीट हवं. डिसेंबरात एसीची गरज मात्र पडणार नाही. ठाण्यात रात्री पंखा लागेल, भंडारदऱ्याला शाल. मे महिन्यात कुणी विचारलं तर मी सरळ नको म्हणतो. पत्र्याची गाडी, दमट हवा, आणि रात्रभर इंजिन किंवा जनरेटर घुरघुरत ठेवायचा, हे शेजाऱ्यांनाही जड जातं.

जागा म्हणाल तर नाशिक हायवेने शहापूर, पुढे भंडारदरा. नाहीतर कल्याण-मुरबाडवरून माळशेजच्या पायथ्याची गावं. पवना धरणाकाठी तंबूंची रांगच आहे, पण २४ डिसेंबर ते १ जानेवारी तिथे स्पीकर आणि गर्दी असते. ४ जानेवारीनंतर जा. माथेरानचा विचार करू नका, दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी आहे. सकाळी सहाच्या आत घर सोडा, नाहीतर माजिवडा ते वडपे एवढ्या कोंडीतच सकाळ संपते.

आणखी दोन गोष्टी. आईंच्या सोसायटीत पोडियम पार्किंगच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा असेल, व्हॅन आत जाणार नाही. सेक्रेटरींशी आधीच बोलून गेटजवळ जागा मागा. आणि व्हॅनबरोबर बहुधा ड्रायव्हर येतो. तो कुठे झोपणार, काय जेवणार, हे बुकिंग करतानाच ठरवा. आम्ही पहिल्या रात्री हे विसरलो आणि तो बिचारा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला. दुसऱ्या दिवशी घाटात त्याच्या पापण्या मिटायला लागल्या तेव्हा आम्हाला कळलं.

आपला,
ठाण्याहून जुना खजिनदार

---

उत्तर:

खजिनदार काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. मी नेरुळला नर्स आहे, आधी मंडळाच्या नाटकांची तालीम आमच्याच गॅरेजमध्ये व्हायची.

ताई, मुलं एक रात्र तंबूत झोपायचा हट्ट धरतीलच, झोपू द्या. पण शेगडी किंवा कोळसे आत घेऊ नका, विझत आलेले असले तरी नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. तंबूची चेन खालपर्यंत ओढा, खाली जमिनीवर पथारी घालू नका. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्याला कळतही नाही. सकाळी बूट झटकून घाला, विंचवासाठी. कुणाला काही चावलं तर बांधत-कापत बसू नका, १०८ ला फोन करा. मुक्कामाला पोचल्यावर मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा की सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) जवळ कुठल्या दवाखान्यात आहे.

---

उत्तर:

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार.

तारीख ५ जानेवारी केली, दोन रात्री. शहापूरजवळच्या एका शेतघराशी आज बोलले. पेटीचं विचारल्यावर ते काका आधी गप्प झाले, मग म्हणाले, "कुणी विचारत नाही हो असं. ओता, पण औषध नको." ड्रायव्हरला ओसरीवर खाट देणार आहेत. आईला हे सगळं वाचून दाखवलं, आता तीही येते म्हणतेय. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिथे कमोड आहे का ते उद्या विचारते.