रिओचा फुलपाखरांच्या पंखांचा जुना ट्रे: साफ कसा करू, कुठे ठेवू?

सागरलाट: काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी रिओ दि जानेरोहून आणलेला लाकडी ट्रे आता माझ्याकडे आलाय. कडेला वेगवेगळ्या लाकडांचं जडावकाम, मध्ये काचेखाली शुगरलोफ डोंगर. आकाश आणि समुद्र निळ्या पंखांचे. काच चिकट झालीय, एका कोपऱ्यात आतून पांढुरका डाग दिसतो. आम्ही रत्नागिरीत, पावसाळ्यात भिंतींना ओल असते. काच काढून आतून पुसू का? चहाला वापरला तर चालेल?

जुनंपानं: कृपा करून उघडू नका! हे मॉर्फो फुलपाखराचे पंख. त्यांच्यावरचे खवले नुसतं बोट लागलं तरी निघून येतात. शिवाय डोंगर, झाडं बहुतेक वेळा काचेच्या आतल्या बाजूनेच रंगवलेली असतात. पुसायला गेलात तर चित्रच फडक्यावर येईल. पंखांचा निळा मात्र रंगद्रव्याचा नाही. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म कंगोऱ्यांमुळे प्रकाश तसा परावर्तित होतो, म्हणून तो इतकी वर्षं झगझगीत राहिलाय.

बाहेरून पुसताना फडकं जेमतेम ओलसर करा आणि कडा सोडून पुसा. काचेवर फवारा अजिबात नको, फटीतून पाणी आत जातं. लाकडावर कोरडा मऊ ब्रश. चहाला तर नाहीच, एक कप सांडला की संपलं.

कौलारू: बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवर, ऊन लागणार नाही असा, मागे कॉर्कचे तुकडे लावून, म्हणजे हवा खेळेल. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डागाचा आत्ताच फोटो काढा, महिन्याने ताडून बघा. वाढला तर बुरशी समजा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. फ्रेमवाल्याकडे देऊ नका.

मेघना_लेस्टर: इथे इंग्लंडात जुन्या बाजारात असेच निळ्या पंखांचे पेंडंट दिसतात. घ्यावं का?

जुनंपानं: जरूर. मागे 'टीएलएम' शिक्का असेल तर ते बर्मिंगहॅमचे दागिने बनवणारे थॉमस मॉट यांच्याकडचं. तिरकं करून बघा, खऱ्या पंखाचा निळा कोनानुसार बदलतो. भिंगाखाली खवले कौलांसारखे ओळीने दिसायला हवेत. बर्डविंगचे पंख असलेलं काही मिळालं तर भारतात आणू नका. ती फुलपाखरं साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, परवाना लागतो. आपल्या सह्याद्रीतलं मोठं काळं-पिवळं बर्डविंगही त्यातच येतं.

सागरलाट: काच उघडत नाही. डागाचा फोटो काढला, टाकतो थोड्या वेळात.