पीक विमा भरला नसेल तर अतिवृष्टीची सरकारी मदत मिळते का?

सीनाकाठ: नमस्कार. आमचे गाव माढा तालुक्यात सीना नदीच्या काठावर आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमचे तीन एकर जिरायत सोयाबीन चार दिवस पाण्याखाली राहिले आणि दुभती म्हैस वाहून गेली. खुंट्याला तुटलेले दावे तेवढे उरले. एक रुपयातील विमा बंद झाल्याने वडिलांनी यंदा विमा भरला नव्हता. 'विमा नाही, तर मदतही नाही' असे ते धरून बसले आहेत आणि पंचनाम्याला हजर राहायलाही तयार नाहीत. त्यांचे म्हणणे खरे आहे का?

बांधावरून: खरे नाही, आणि हे त्यांना आजच सांगावे. विमा हा हप्ता भरून केलेला करार असतो. ही मदत मात्र आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मिळते, आणि पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान पंचनाम्यात नोंदले गेले, की विमा न भरलेला शेतकरीही तिला पात्र ठरतो. दर जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असा आहे. एरवीची दोन हेक्टरांची मर्यादा या वेळी तीन केली आहे, शिवाय 7 ऑक्टोबरला जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 रुपये धरले आहेत. आपले तीन एकर म्हणजे सुमारे 1.2 हेक्टर, त्यावर 10,200 आणि 12,000 रुपये होतात. झालेल्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच आहे, पण ती हक्काची आहे. तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येतील तेव्हा वडिलांनी तेथे असावे, गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर लिहिले आहे का ते पाहावे, आणि आधार जोडलेले बँक खाते चालू आहे याची खात्री करावी, कारण यादीत नाव असूनही पैसे अडकतात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी.

गोठा: म्हशीचा पंचनामा वेगळा करून घ्या. दुधाळ जनावरामागे 37,500 रुपये मिळतात. मात्र जनावराच्या कानात टॅग नसल्यास भरपाई देय होत नाही, असा राज्याचा नियम आहे. शव सापडले नसेल तर शवविच्छेदन होत नाही. आमच्या वस्तीवर अशा वेळी शेजाऱ्यांचे जबाब घेऊन जनावर वाहून गेल्याची नोंद करून घेतली होती.

बटाईने कसणारा: मी पाच एकर दुसऱ्याचे रान कसतो. बियाणे, खत, फवारणी सगळा खर्च माझा झाला, पण मदत सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जाते. मालकाने निम्मी रक्कम दिली तर ते त्याचे मोठेपण. नियमात माझ्यासाठी जागा नाही, आणि ती असायला हवी.

सीनाकाठ: सर्वांचे मनापासून आभार. लसीकरणाच्या कार्डावर म्हशीचा बारा अंकी टॅग क्रमांक सापडला. उद्या सकाळी वडील स्वतः बांधावर थांबणार आहेत.