मेंढपाळांच्या विक्री संघटनेची वर्गणी आणि मतदान, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही काही मेंढपाळ मिळून मेंढ्या आणि लोकर एकत्र विकायला संघटना काढतोय, पण पैसा कसा गोळा करायचा यावरच गाडी अडलीय. वर्षाला सगळ्यांना सारखी वर्गणी ठेवली तर छोट्या कळपवाल्याला ती जड जाते, आणि विकलेल्या प्रत्येक मेंढीमागे ठरावीक रक्कम कापली तर मोठे कळपवाले म्हणतात की जास्त पैसे आम्ही देणार मग मतंही जास्त हवीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चूक नाही. न्यूझीलंडमध्ये म्हणे कत्तलखान्यातच दर जनावरामागे लेव्ही कापतात आणि ती पुढे चालू ठेवायची की नाही यावर दर ६ वर्षांनी शेतकऱ्यांचं मतदान होतं, त्यात शेतकऱ्यांच्या संख्येनेही बहुमत लागतं आणि जनावरांच्या संख्येनेही, म्हणजे ना छोटा दबतो ना मोठा. मला हे फार पटलं. अशी दुहेरी मोजणी कोणी छोट्या संघटनेत करून बघितलीय का? आणि जो बाहेर गुपचूप व्यापाऱ्याला विकतो त्याच्याकडून कपात कशी वसूल करता? हिशोब कोण तपासतं तेही सांगा प्लीज, आधी एकदा पैशावरूनच माणसं तुटलीत, परत तसं व्हायला नको.