परदेशी शिकायला जायची तयारी : खान्देशवाल्यांनो, आपापले किस्से टाका

तापीकाठची
काल गल्लीतली एक पोरगी फाईल घेऊन आली, ताई तुम्ही जर्मनीला होत्या ना, मग जरा कागद बघून द्या. उघडली तर मार्कशीटच्या वर सातबारा! मला हसू आवरेना, कारण आमच्या दादांनी पण पहिला तोच काढला होता. यावलकडची केळीची बागायत, ठिबक, विहिरीला पाणी, दादा ऐटीत बँकेत गेले आणि साहेब म्हणे शेतजमीन तारण चालत नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर शहरातलं घर दाखवा. दादांना पटेचना, याच जमिनीवर सोसायटी दरसाल पीककर्ज देते आणि पोरीच्या शिक्षणाला तीच खोटी कशी? गावातलं घर गावठाणातलं, त्याला धड उतारा नाही. शेवटी मामांचा भुसावळचा प्लॉट लावला. सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, वकिलाची फी आणि मामींचा अबोला, हे सगळं लोनच्या खर्चातच धरायचं. अ‍ॅडमिशन त्यामानाने सोपं गेलं. तर तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. गेलात, राहून गेलं, पोरांना पाठवलं, सगळं चालेल.

भुसावळ_जंक्शन
प्लॉट सुटला का पण? मामी बोलतात का आता 😀

तापीकाठची
सुटला हो. आता मामीच नात्यातल्या पोरांना माझ्याकडे धाडतात, विचारा तिला म्हणे सगळं माहितीय

रिटायर_बँकवाला
तायडे, साहेबाचा दोष नव्हता. थकलेलं कर्ज कोर्टाची पायरी न चढता वसूल करायला बँका २००२ चा सरफेसी कायदा वापरतात आणि त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पीककर्जाचा हिशोब वेगळा. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, पण बाहेरदेशी तेवढ्यात काय होतं. मी किती शेतकऱ्यांना हे समजावलं असेल, निम्मे चहा न पिताच उठून गेले.

चोपड्याचा_पोरगा
आता पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजना आली ना काका, बिनतारण

रिटायर_बँकवाला
ती देशातल्या कॉलेजांपुरती बाबा. बाहेर जाणाऱ्यांनी तिच्या भरवशावर राहू नका.

अमळनेरी
आमच्या गावाचं नाव काढलं की लोकांना वाटतं घरोघरी विप्रोचे शेअर. कंपनी १९४५ ला इथेच सुरू झाली, वनस्पती तुपाची, हे खरं. ज्यांच्या आजोबांनी ते कागद जपले त्यांची नातवंडं बिनलोनची अमेरिकेला गेली हे पण खरं. आमच्या आजोबांनी त्या पैशात म्हैस घेतली.

भुसावळ_जंक्शन
बँकवाले काका, म्हैस चालते का हो तारण

मेहरूणकर
सध्या डब्लिनला. माझ्या पहिल्या मार्कशीटा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आणि डिग्री कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची, कारण मधेच २०१८ ला नाव बदललं. तिकडच्या अ‍ॅडमिशनवाल्या बाईंचा ईमेल, तुम्ही दोन विद्यापीठांत शिकलात का, ट्रान्सफरचे कागद द्या. नाव बदलल्याचं पत्र पाठवलं तर परत विचारणा, या कोणी प्रोफेसर होत्या का? मग मी रात्री लिहायलाच बसलो, असोद्याच्या होत्या, शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षर लिहिता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या, मुलाने ती कागदावर उतरवून ठेवली म्हणून आज आपल्याकडे आहेत, आणि आता डिग्रीवर त्यांचं नाव येतं. एवढं भरभरून मी माझ्या एसओपीत (का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) पण लिहिलं नव्हतं, एसओपी तर मित्राची बघून ढाचा घेतलेली. बाईंचं उत्तर आलं, फार छान, आता ट्रान्सक्रिप्टचा सीलबंद लिफाफा लवकर पाठवा.

तापीकाठची
मेहरूणकर 😂😂 तो ईमेल जपून ठेवा हो

धुळ्याची_आई
माझी मुलगी टोरांटोला आहे. जीआयसीचे, म्हणजे राहण्याखाण्यासाठी तिकडच्या बँकेत आधीच ठेवायचे, दहा हजार डॉलर जमवत आणले होते, एफडी मोडायची तेवढी बाकी, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्याचे २०,६३५ केले. सरळ दुप्पट. हे म्हणे एक वर्ष थांबू, मी म्हटलं थांबलो तर अजून वाढवतील, आणि वाढवलेच की, आता २२,८९५ आहेत. पाटल्या गहाण ठेवल्या आणि भरले. सासूबाईंना अजून माहीत नाही, त्या मोबाईल बघत नाहीत म्हणून इथे लिहितेय. कुकर झालाय, येते नंतर

साक्रीची_वहिनी
बिबडे (ज्वारीचे पापड) नेऊ देतात का कॅनडाला? भाचा चाललाय, तुटतात म्हणून कुटूनच देऊ का

धुळ्याची_आई
नेऊ देतात, स्टीलच्या डब्यात घाला. ठेच्याची बरणी मात्र बॅगेत फुटली, सगळ्या स्वेटरांना लसणाचा वास, रूममेट पंजाबची होती म्हणून निभावलं

तापीकाठची
युरोपात दुधाचं आणि मटणाचं काही टाकू नका, तूप खवा पेढे सगळं बंद आहे. कळण्याचं पीठ खुशाल न्या.

चोपड्याचा_पोरगा
माझं अमेरिकेचं. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी) ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५, नाही म्हटले तर परत काही नाही, म्हणून आईने मनुदेवीला नवस बोलला. बोटांचे ठसे आदल्या दिवशी वेगळ्या ठिकाणी, मुलाखत मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत. विदर्भ एक्सप्रेसने गेलो, रात्रभर डोळा नाही, शेजारचे काका बडनेऱ्यापासून राजकारण बोलत होते. खिडकीवर गोऱ्याने विचारलं खर्च कोण करणार, म्हटलं वडील, केळीची शेती. केळी?? किती? मी घाबरून सुरूच झालो, सर जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय मानांकन मिळालं, रावेरचा माल रेल्वेने दिल्लीला जातो वगैरे वगैरे. तो हसला आणि पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. शिक्षणाचा प्रश्न एकच आला.

भुसावळ_जंक्शन
आणि भाव काय मिळतो ते नाही विचारलं का, नाहीतर रिजेक्टच होता भो

सातपुडा_एक्सप्रेस
नंदुरबार. आमच्याकडे तारणाचा विषयच नाही, वनहक्काची जमीन, ती विकता येत नाही की कोणाच्या नावावर करता येत नाही, वारसाला तेवढी मिळते. आदिवासी मुलांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप असते, अख्ख्या देशात वर्षाला २० जागा. मी भरला होता फॉर्म. जातीचे जुने पुरावे गोळा करताना लोक म्हणायचे आजोबांचा शाळेचा दाखला आणा, अरे आजोबा शाळेत गेलेच नाहीत तर दाखला कुठला. नाव नाही लागलं. पुण्यात एमएस्सी केलं, आता शहाद्याला शिकवतो. माझ्या वर्गातल्या दोघी पोरी या वर्षी भरतायत, त्यांचे कागद मात्र अकरावीपासूनच जमवायला घेतलेत.

रिटायर_बँकवाला
सर तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर सांगा, फॉर्म तपासून द्यायला मी रिकामाच आहे

पारोळ्याना_आप्पा
मना आंडोर (पोऱ्या) बी जर्मनीले जासू म्हनस. तठे फी लागत नही म्हनतस, खरं शे का?

तापीकाठची
आप्पा, सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही, सेमिस्टरची थोडी वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात बाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही आता बाहेरच्यांना फी लावलीय. राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक खात्यात दाखवायचे, दर महिन्याला ९९२ सुटतात. आणि एपीएस (आपल्या मार्कशीटा-डिग्री तपासल्याचं सर्टिफिकेट) आधी काढा, त्याशिवाय व्हिसाचं काही होत नाही.

पारोळ्याना_आप्पा
म्हंजे फुकट नही. पोऱ्यानी हाई नही सांगं माले

भुसावळ_जंक्शन
पोऱ्यांनी सगळं सांगितलं असतं तर आपण कोणी घराबाहेर पडलो असतो का आप्पा

धुळ्याची_आई
टोरांटोला कोणी जाणार आहे का या महिन्यात? छोटी पिशवी आहे, दोन किलोची. ठेचा नाही टाकत, शपथ.