जुनी मर्सिडीज 'नव्यासारखी' करणं म्हणजे तिची वाट लावणं आहे का?

गंजका_खिळा

परवा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात डब्ल्यू १२३ पाहिली. माहीत नसलेल्यांसाठी: १९७६ ते १९८५ या काळातली ही मर्सिडीजची सेडान. एकूण २७ लाखांच्या आसपास बनल्या. आपल्याकडे आल्या त्या बऱ्याचशा वकिलातींच्या गाड्या म्हणून. पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीतून त्या खासगी मालकांकडे गेल्या.

गाडी लखलखीत होती आणि बघून माझ्या पोटात कालवलं. साध्या क्रीम रंगावर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक चकाकीचा, एवढा जाड थर की गाडी प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसत होती. आत मरून रेक्झिन, चौकटीचौकटीची शिलाई. मूळ सीट कव्हर कंपनीचं एमबी-टेक्स नावाचं व्हिनाइल, जे चाळीस वर्षांत फाटत नाही, ते कापून काढलेलं. सीटमधली घोड्याच्या केसांची, रबर लावलेली गादी कोपऱ्यात पडली होती आणि तिच्यावर मांजर झोपलं होतं. मालक म्हणाले, "अगदी शोरूममधून आणल्यासारखी." अहो, शोरूममधून ती अशी कधीच निघाली नव्हती.

माझ्याकडे याच मालिकेतली १९८२ ची डिझेल, २४० डी आहे. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल जिथे हाताला लागतं तिथला रंग कुणाच्या तरी अंगठीने प्रायमरपर्यंत झिजलाय. तो मला बुजवायचा नाही. ब्रेक, होज, रबरं, इंजिनातलं काहीही बिनदिक्कत बदला. पण बाहेरचा रंग आणि सीट शेवटपर्यंत हात न लावता ठेवा, असं माझं मत. फीवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची ट्यूरिन सनदही हेच सांगते: आधी जतन, मग दुरुस्ती, आणि अगदीच इलाज नसेल तर रिस्टोरेशन. २०२४ मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरली ती १९३४ ची बुगाटी टाइप ५९, रिस्टोर न केलेली.

मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीला फुगवटा आलाय. पूर्ण बॉडी रंगवायचं कोटेशन साडेतीन लाख. मी नाही म्हणालो. चुकलो का?

शून्य_किलोमीटर

चुकलात. पेबल बीचची स्पर्धा १९५० पासून चालू आहे आणि रिस्टोर न केलेली गाडी तिथे पहिल्यांदा जिंकली २०२४ मध्ये. म्हणजे त्याआधीची सत्तर-बहात्तर वर्षं चकाकणाऱ्याच जिंकत होत्या. हे सोयीस्कर विसरलात.

आणि ज्यांनी ही गाडी आखली त्यांना काय झिजलेलं दार हवं होतं? त्यांना ती चकचकीतच हवी होती. आमच्या पिताश्रींनी जन्मभर मर्सिडीज फक्त सिग्नलला शेजारी उभी असलेली पाहिली. मी त्यांना सत्तरीत आत बसवलं ते स्वच्छ, नव्या सीटवर. वकिलातीतल्या कुणा साहेबाच्या घामाचा वारसा मला नको. (गादीवर मांजर झोपलं, म्हणजे तिचा उपयोग तरी झाला.)

पत्रा_आणि_प्रायमर

आमचं दोन पिढ्यांचं डेंटिंग-पेंटिंग आहे, म्हणून लिहितो. खिळेभाऊ, रेक्झिनबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. कमानीबद्दल अजिबात नाही.

त्या बुगाटीला ठाण्याचा जुलै सोसावा लागत नाही. तुमची गाडी खाडीपासून किती लांब आहे? कमानीच्या आतल्या घडीत चिखल बसतो. तो जूनला ओला होतो आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. पत्रा आतून खात येतो. बाहेर रुपयाएवढा फुगवटा दिसला की आत तळहाताएवढं गेलेलं धरून चाला. लोक त्याला पॅटिना, म्हणजे वयाने आलेली झाक, म्हणायला लागलेत. पॅटिना रंगावर असतो हो, पत्र्यात असतो तो गंज.

घरी करून बघा. लहानसं लोहचुंबक फडक्यात गुंडाळा आणि कमानीवरून सावकाश फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. मागच्या मालकाने लांबी भरून विकलेली निघाली, तर तुम्ही इतकी वर्षं जपत आलात तो 'मूळ रंग' मुळात लांबीवर मारलेला आहे. जॅक लावायची जागा आणि स्टेपनीची विहीरही तपासा. १२३ तिथेच जाते.

तीन_नंबरचा_जिना

एवढी चर्चा झाली, पण गाडी उभी कुठे राहते ते कोणी विचारलं नाही.

आमच्या सोसायटीत चौसष्ट फ्लॅट आणि एकेचाळीस पार्किंग. त्यातलं एक वर्षानुवर्षं कव्हर घातलेल्या एका गाडीने अडवलंय. महिन्यातून दोनदा कव्हर निघतं, डिझेलचा भपकारा पहिल्या मजल्यापर्यंत येतो, कव्हर परत चढतं. हौसेला मोल नाही म्हणतात. मोल असतं, फक्त ते शेजारी भरतात. बीएस-६ च्या जमान्यात ८२ सालचं डिझेल इंजिन 'वारसा' म्हणून चालवायचं आणि वर सनदा दाखवायच्या, हे जरा अति होतं.

गंजका_खिळा

पीयूसी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं, तेही झालंय. पर्यावरण कर भरलाय. व्हिंटेजची सवलत मला नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटावी लागतात. त्यामुळे २०३२ पर्यंत माझी गाडी सरकारदरबारी फक्त म्हातारी.

शिवाय आहे ती गाडी टिकवली तर नवी बनवताना जो कार्बन जातो तो वाचतो.

तीन_नंबरचा_जिना

वाचला असता, ही एकच गाडी असती तर. रोजच्याला दुसरी आहे ना तुमच्याकडे?

गंजका_खिळा

आहे. सीएनजी. बरं, कार्बनचा मुद्दा मागे घेतो.

कुर्ल्याची_पोर

मी आता ऐरोलीत राहते, पण बाबांची बावीस वर्षं कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात गेली, म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे मर्सिडीजवर भांडताय कारण भांडण्याइतकी ती शिल्लक आहे. मर्सिडीजने १९९३ मध्ये जर्मनीत फेलबाखला क्लासिक सेंटर काढलं. पैसे मोजा, कितीतरी भाग आजही मिळतात. तिथे बनलेल्या आमच्या पद्मिनी गाडीचं काय? मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मर्यादा संपून बंद झाली. दोन दिवस पेपरात फोटो आले, की संपलं. साहेबाच्या गाडीला ओरखडा पडला की तो इतिहास. टॅक्सीचा मात्र किलोवर भाव.

तरी वादात माझं मत खिळेंच्या बाजूने. मागे एका रॅलीत बाबांना घेऊन गेले होते. तिथे एक पद्मिनी होती, आरशासारखी क्रोम, दोन रंगांत. बाबा तिच्याभोवती फिरले, वाकून दाराखालची कड हाताने चाचपली आणि म्हणाले, "छान आहे. आमच्याकडून गेलेली नाही." त्या मालकाला ते कौतुक वाटलं!

शून्य_किलोमीटर

ताई, बाबांना नमस्कार सांगा. पण 'आमच्याकडून गेलेली नाही' यात वाईट काय? त्याहून चांगली झाली असेल.

कुर्ल्याची_पोर

मग तिला पद्मिनी म्हणून रॅलीत कशाला उभी करता?

पत्रा_आणि_प्रायमर

हा हा. आता यावर उत्तर द्या, शून्यशेठ.

एक धंद्यातली गोष्ट. पूर्ण रंगाचं कोटेशन गॅरेजवाले का देतात? तेवढ्या कमानीपुरतं काम करणं जास्त अवघड आहे म्हणून. पत्रा कापायचा, नव्याला हातोडी आणि डॉलीवर (मागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) गोलाई आणायची, जागच्या जागी वेल्डिंग करायचं आणि उष्णतेने शेजारचा पत्रा ओढला जाऊ द्यायचा नाही. हे येणारा आमच्याकडे एकच मिस्त्री आहे, वय ६८. त्यांचा मुलगा इन्शुरन्सच्या कामाला लागला. तिथे अख्खं पॅनल काढून नवं बसवतात, ठोकायचं काही नाही. त्यामुळे पोरं सरळ सांगतात, गाडी उघडी करू, सगळी रंगवू. त्यांना तेवढंच येतं.

रविवारी सकाळी गाडी आणा. पैसे नकोत, आतून काठी घालून बघू.

गंजका_खिळा

येतो. पण एक अडचण आहे, गाडी वेळेवर बंद होईल याची खात्री नाही. हसू नका. या डिझेल मॉडेलमध्ये चावी फिरवली की व्हॅक्यूमवर इंजिन बंद होतं, आणि दारांची कुलुपंही त्याच व्हॅक्यूमवर. कुठल्याही दाराच्या आत रबरी पडद्याला भेग गेली की चावी खिशात आणि इंजिन आपलं चालूच. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये हेच झालं. बॉनेट उघडून, मोबाइलच्या उजेडात पंपावरचा 'स्टॉप' लिहिलेला लाल दांडा दाबला तेव्हा कुठे शांत झाली.

तीन_नंबरचा_जिना

एक मिनिट. मागच्या महिन्यातला दुसरा शनिवार?

गंजका_खिळा

…हो.

तीन_नंबरचा_जिना

तुम्ही बी विंगचे.

गंजका_खिळा

अरे देवा. काका, तुम्ही?

शून्य_किलोमीटर

पॉपकॉर्न आणतो.

गंजका_खिळा (सोमवार)

काल जाऊन आलो. चुंबक कमानीच्या खालच्या चार इंचांत कुठेच धरलं नाही. मिस्त्रींनी आतून पेचकस टेकवला, जोरही लावला नाही, तो बाहेर आला. लांबी बोटभर जाड, तिच्यावर नीट रंग मारलेला. इतक्या वर्षांत मला कळलं नाही.

तेव्हा कमान कापायची. पत्रामहाशय, गंजाचं तुमचं खरं निघालं. पण रंग फक्त शिवणीपर्यंत. मिस्त्री आधीच म्हणाले की उन्हाने उतरलेल्या रंगाशी नवा जुळणार नाही, तुकडा ओळखू येईल. म्हटलं, येऊ दे. अंगठीची खूण आणि सीट जसंच्या तसं.

शून्य_किलोमीटर

म्हणजे ठिगळ. मर्सिडीजला ठिगळ.

गंजका_खिळा

ठिगळच. पण खाली पत्रा असलेलं.

पत्रा_आणि_प्रायमर

आतून मेण मारून घ्या, विसरू नका. आणि पाणी जायची भोकं दर मे महिन्यात तारेने मोकळी करा. सनरूफ असेल तर तिथलीसुद्धा. आमच्याकडे आलेल्या एकीच्या नळ्यांत गुलमोहराचा पाला सापडला होता.

तीन_नंबरचा_जिना

गाडी किती दिवस गॅरेजात?

गंजका_खिळा

तीन आठवडे, काका. तोवर जागा तुम्ही वापरा.

तीन_नंबरचा_जिना

वापरतो. खाली तेलाचे डाग आहेत त्याचं काय?

गंजका_खिळा

पुठ्ठा घातला होता, तो भिजला. पत्र्याचा ट्रे सांगितलाय.