मदत हवी आहे : जमिनीवर मांडायचा गंजिफांचा डाव

नमस्कार. सावंतवाडीतील आम्ही काही चित्रकार आणि कलाशिक्षक मिळून, प्रेक्षकांनी चित्रे नुसती पाहू नयेत तर त्यांच्याशी खेळावे, असे एक प्रदर्शन दिवाळीनंतर मोती तलावाच्या काठी भरवण्याचा विचार करीत आहोत. दशावतारी गंजिफांचे, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांवर बेतलेल्या, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे दहा रंग (प्रत्येक अवताराचा एक गट) आणि प्रत्येक रंगाची १२, अशी एकूण १२० गोल पाने दोन फूट व्यासाची रंगवून जमिनीवर डाव मांडायचा, अशी कल्पना आहे.

पहिली अडचण पानांची आहे. चिंचोक्याची खळ आणि लाखेचा लेप तळहाताएवढ्या पानाला उत्तम. पण संध्याकाळच्या दवात, मुलांच्या पायांखाली एवढे मोठे पान किती टिकेल, याची शंका वाटते. फ्लेक्स छापून घेणे सोपे आहे हे कळते. परंतु मग हाताने रंगवण्याच्या परंपरेत उरले काय, असे आमचे (काहीसे हट्टी) मत आहे. प्लायवुड किंवा जाड कॅनव्हासवर असे काम केलेल्यांनी कोणते अस्तर (रंगाखालचा पहिला थर) आणि कोणते वॉर्निश वापरले, ते कृपया सांगावे.

दुसरी अडचण नियमांची. तीन खेळाडू, प्रत्येकी ४० पाने, पाच रंगांत आकड्यांचा क्रम उलटा आणि दिवसा रामाची तर रात्री कृष्णाची उतारी (डावाची सुरुवात), हे सारे नवख्याला पटकन उमगत नाही. मुलांसाठी अर्ध्या तासात संपेल असा सुटसुटीत डाव कोणी बसवला असल्यास त्याची माहिती हवी आहे.