मोडक्या एमएक्स-१ जनुकाच्या उंदरांवर फ्लूची औषधं तपासावीत का?

अनुराधा_स: इंटरफेरॉन हे विषाणूविरोधी प्रथिन शोधणाऱ्या दोघांपैकी एक, जाँ लिंडेनमन. इतर उंदीर ज्या फ्लूने मरत, त्यातून ए२जी जातीचे उंदीर तगतात हे त्यांनी १९६२ मध्ये दाखवलं. कारण पुढे सापडलं: एमएक्स-१. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडतात, त्याने हे जनुक जागं होतं आणि त्याचं प्रथिन केंद्रकात विषाणूची वाढ रोखतं. पण उंदरांच्या सी५७बीएल/६ आणि बाल्ब/सी या जाती, ज्यांच्यावर जगभरच्या प्रयोगशाळा चालतात, त्या दोन्हींत या जनुकाचा मोठा तुकडाच गायब आहे! पहारेकरीच नसलेल्या प्राण्यावरून आपण औषधाचा गुण ठरवतो. निदान औषधांच्या चाचण्यांत तरी शाबूत जनुकाचे उंदीर सक्तीचे करा.

पेशीवेडा: सक्तीला माझा ठाम विरोध. उंदराचं एमएक्स-१ केंद्रकात काम करतं, माणसातलं तसंच प्रथिन, एमएक्सए, केंद्रकाबाहेर पेशीद्रवात. शिवाय माणसांत फिरणारे फ्लूचे विषाणू एमएक्सएला बऱ्यापैकी चुकवतात. मग शाबूत उंदीर माणसाच्या जवळचा कसा? त्यात विषाणू इतका दबतो की गुण औषधाचा की जनुकाचा, हे सांगणं अवघड होतं.

अनुराधा_स: माणसाचं एमएक्सए घातलेले उंदीरही आहेत, ते वापरा. आणि विषाणू नेहमी दबतो असं नाही. पीआर८ या प्रयोगशाळेतल्या फ्लू विषाणूचा एक अतिवेगाने वाढणारा प्रकार शाबूत उंदरांनाही मारतो, कारण जनुक जागं होईपर्यंत तो फार पुढे गेलेला असतो. आधीच इंटरफेरॉन दिलं तर मात्र तेच उंदीर बरेच सावरतात. ते कधी द्यायचं, हे मोडक्या जनुकाच्या उंदरात कसं कळणार?

रानवारा: मला दोन्ही उंदीर हवेत. चीनमध्ये एच७एन९ हा बर्ड फ्लू झालेल्यांत एमएक्सए निकामी करणारे दुर्मिळ बदल जास्त आढळले, ते संशोधन २०२१ चं. अशा माणसांचं दुखणं मोडक्या जनुकाच्या उंदरातच समजेल. २००६ मध्ये नवापूरच्या पोल्ट्र्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लू आला होता. कोंबड्या हाताळणाऱ्यांपैकी जास्त धोका कुणाला, हा आपलाही प्रश्न आहे.

पेशीवेडा: एखादं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या बहुतेक जाती सी५७बीएल/६ वरच बेतलेल्या आहेत. त्यांत एमएक्स-१ परत आणायचं तर कित्येक पिढ्यांचा संकर लागतो. लहान प्रयोगशाळांना ते झेपणार नाही. उंदरातलं हे जनुक शाबूत की मोडकं, हे शोधनिबंधात लिहिण्याची सक्ती करा. तिला माझा पूर्ण पाठिंबा.